व्हर्नियर घ्यायचा तर कोणता: गोव्याच्या खाऱ्या हवेत चार कॅलिपरची पारख

गोव्यात मापाचं हत्यार घेताना अचूकतेच्या आधी गंजाचा विचार करावा लागतो. वेर्णा-कुंडईची वसाहत घ्या, डिचोलीचं पितळकाम घ्या किंवा वास्कोतली बोटदुरुस्तीची शेड घ्या. चार महिने हवा ओली आणि उरलेले आठ महिने खारी. कॅटलॉगात छापलेली अचूकता २० अंश सेल्सिअसला मोजलेली असते, आपल्या शेडमध्ये पंख्याखालीही ३२ असतं आणि हाताला घाम. म्हणून इथे कॅलिपरचे, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत किंवा पायांत धरून माप घ्यायच्या हत्याराचे, साधा व्हर्नियर, डिजिटल, डायल आणि दोन पायांचा स्प्रिंग कॅलिपर असे चार प्रकार याच हवेच्या आणि याच हातांच्या हिशेबाने तपासले आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिलाच कॅलिपर घेत असाल तर १५० मिलिमीटरचा, ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारा, कडक केलेल्या स्टेनलेस स्टीलचा साधा व्हर्नियर घ्या. डिजिटल हवाच असेल तर पाण्यापासून बंदिस्त, म्हणजे आयपी६७ लिहिलेला. डायलवाला स्वच्छ टेबलावर काम असेल तरच. स्प्रिंग कॅलिपरची जोडी मात्र यांपैकी काहीही घेतलंत तरी बाजूला असू द्या, ती स्वस्त आहे आणि तिचं काम दुसरं कोणी करत नाही.

साधा व्हर्नियर

मितुतोयो या जपानी कंपनीच्या ५३० मालिकेतला ०.०२ वाला हा या वर्गातला मापदंड धरायला हरकत नाही. कारखान्याची हमी १५० मिलिमीटरपर्यंत ±०.०३ ची आहे. ०.०५ वाचणारा त्याच मालिकेतला भाऊ ±०.०५ चा. दोघांच्या किमतीत फार अंतर नसतं, त्यामुळे ०.०५ वाला घेण्याचं कारण एकच उरतं: त्याच्या रेघा विरळ असतात आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्या बऱ्या पडतात. हे कारण थट्टेचं नाही. ०.०२ च्या पट्टीवर ५० रेघा दाटीने बसलेल्या असतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात शेजारशेजारच्या तीन रेघा जुळल्यासारख्या दिसतात. भारतीय बनावटीचे व्हर्नियरही चांगले मिळतात, मात्र त्यांच्यावर किंवा सोबतच्या कागदावर आयएस ३६५१ चा उल्लेख आहे का ते पाहा. व्हर्नियर कॅलिपरचं भारतीय मानक तेच.

सरकता जबडा ही कल्पना फार जुनी. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ बुडालेल्या इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या जहाजात लाकडी कॅलिपर सापडला, एक जबडा पक्का आणि एक सरकता. चीनमध्ये वांग मांगच्या राजवटीतला, इ. स. ९ मधला काशाचा कॅलिपर आहे आणि त्यावर तारीखही कोरलेली आहे. दोन्हींची उणीव सारखीच: दोन रेघांच्या मधलं माप डोळ्याच्या अंदाजाने घ्यायचं. त्यावर पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिशने १५४२ मध्ये एक युक्ती मांडली. ९० अंशांच्या चापाच्या आत आणखी ४४ चाप काढायचे आणि त्यांचे भाग ८९, ८८ असे एकेकाने कमी करत ४६ पर्यंत न्यायचे, म्हणजे कुठल्या तरी चापाची रेघ मापाशी जुळेलच. कागदावर सुरेख, पण एवढे वेगवेगळे चाप हाताने बिनचूक आखणार कोण? १६३१ मध्ये पिएर व्हर्नियेने ब्रुसेल्समध्ये तोडगा छापला: ४४ चापांच्या जागी एकच छोटी पट्टी, पण सरकती. पोर्तुगीजमध्ये या पट्टीला अजूनही नुनिशच्या नावावरून नोनिउ म्हणतात. या नुनिशचं एक उपकरण (नोनिउ नव्हे, सूर्याच्या सावलीवर चालणारं) दों जुवांव द काश्त्रु १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला येताना जहाजावर तपासत आला होता. पुढे तोच इथला गव्हर्नर आणि व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. कारागिराच्या खिशाला परवडेल असा व्हर्नियर कॅलिपर मात्र १८५१ मध्ये अमेरिकेत, प्रॉव्हिडन्सच्या जोसेफ ब्राउनने बाजारात आणला. तो इंचाचा हजारावा भाग वाचत असे. जुने टर्नर ज्याला ‘थाउ’ म्हणतात तो हाच.

वाचायची रीत तीच राहिली आहे. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग ०.९८ चा आणि मुख्य पट्टीच्या एका मिलिमीटरपेक्षा ०.०२ ने लहान. समजा सरकत्या पट्टीचं शून्य २४ च्या पुढे गेलंय आणि पट्टीवरच्या ७ या आकड्यानंतरची दुसरी रेघ वरच्या कुठल्याशा रेघेशी तंतोतंत जुळलीय. ७ म्हणजे ०.७०, पुढच्या दोन रेघा म्हणजे ०.०४. माप २४.७४. जुळलेल्या रेघेच्या डाव्या-उजव्या दोन्ही शेजारणी सारख्याच सरकलेल्या दिसतात का, हे पाहिलं की शंका राहत नाही. नजर मात्र रेघेवर सरळ वरून हवी. सरकती पट्टी मुख्य पट्टीपेक्षा किंचित उंच असते, तिरकं पाहिलं की शेजारची रेघ जुळल्याचा भास होतो.

शून्याची चूक हा आयटीआयच्या पहिल्या महिन्यातला धडा, पण उणी चूक अनुभवी हातही उलटी धरतात. जबडे मिटल्यावर सरकतं शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे असेल आणि तिसरी रेघ जुळत असेल तर +०.०६, तेवढे वजा करा. शून्य डावीकडे गेलं असेल आणि ४७ वी रेघ जुळत असेल तर ती चूक ०.९४ नव्हे. ती शेवटच्या रेघेपासून मागे मोजायची, म्हणजे तीन रेघा, म्हणजे −०.०६, आणि मापात ०.०६ मिळवायचे.

आता जबड्याची लांबी, जिच्याकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. १५० मिलिमीटरच्या व्हर्नियरचे बाहेरचे जबडे साधारण ४० मिलिमीटर खोल असतात. गोल दांड्याचा व्यास घ्यायचा तर जबड्याने दांड्याच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे. म्हणजे पट्टीवर १५० लिहिलेलं असलं तरी बाजूने घातल्यावर ८० मिलिमीटरपेक्षा जाड शाफ्ट त्यात बसतच नाही. कुटबण किंवा मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरच्या प्रॉपेलर शाफ्टसाठी व्हर्नियर घेणाऱ्यांनी आधी शाफ्टचा व्यास विचारून घ्यावा. ३०० च्या मापाचे जबडे साधारण ६४ मिलिमीटर खोल असतात. शाफ्टची झीज बघताना एकाच जागी एकच माप घेऊ नका. पॅकिंग जिथे घासतं तिथे, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. पाण्यातला शाफ्ट लंबगोल झिजतो आणि एका दिशेने घेतलेलं माप तेवढं लपवून ठेवतं.

मोजायची वस्तू जबड्याच्या टोकाशी न धरता पट्टीच्या जवळ धरायची, ही सवय सगळ्यांत उपयोगी. कारण सरळ आहे: मापाची रेघ आणि पट्टी एका ओळीत नाहीत, मध्ये अंतर आहे, आणि स्लायडर जरा जरी तिरका झाला तर ते अंतर चूक वाढवतं. हे तत्त्व एर्न्स्ट आबेने १८९० मध्ये मांडलं. हिशेब करून पाहा. स्लायडर ५० मिलिमीटर लांब आहे आणि त्यात ०.०२ चा खुळखुळा आहे असं धरलं, तर ४० मिलिमीटर लांब जबड्याच्या टोकाला ती चूक ०.०१६ होते. हा खुळखुळा कमी करायला स्लायडरच्या वरच्या कडेला दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही हलक्या हाताने पूर्ण आवळायचे आणि मग फेऱ्याचा साधारण आठवा भाग मागे घ्यायचे. सरकवून पाहा, सगळीकडे सारखाच जड लागला पाहिजे. मध्येच सैल आणि टोकाला घट्ट लागत असेल तर पट्टी झिजली आहे, स्क्रूने ते सुटणार नाही.

भोकं मोजणाऱ्या वरच्या चोचींत आणखी एक फसवणूक आहे. त्यांच्या धारा सुरीसारख्या दिसल्या तरी टोकाला थोड्या सपाट असतात आणि मिटलेल्या दोन चोचींमध्ये किंचित फट असते. त्यामुळे लहान भोकात त्या व्यासावर न टेकता जीवेवर टेकतात आणि माप कमी येतं. चोचींची सपाटी आणि फट मिळून अर्धा मिलिमीटर असेल तर ५ मिलिमीटरच्या भोकाचं माप साधारण मिलिमीटरच्या अडीच शतांशाने कमी येतं. २० मिलिमीटरच्या भोकात हीच चूक अर्ध्या शतांशाच्या आसपास राहते. १० पेक्षा लहान भोकासाठी ड्रिलचा दांडा घालून पाहणं जास्त खात्रीचं.

खोलीची मागची सळी सगळ्यांत बेभरवशाची. ती बारीक असते, तिरकी उभी राहते आणि तळाच्या कोपऱ्यात गोलाई असली तर तिथेच टेकते. पायरीचं माप घ्यायचं असेल तर सळीऐवजी दोन जबड्यांच्या डोक्याच्या सपाट बाजू वापरा. त्या रुंद असतात, बसकण पक्की मिळते.

व्हर्नियरचं काम नसलेली जागा

मोटरच्या शाफ्टवर बेअरिंगची सीट बनवून घेताना कारागीर व्हर्नियर लावून ‘बरोबर पंचवीस’ म्हणाला तर थांबवा. २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंगसाठी नेहमी दिली जाणारी के६ नावाची बसवण, म्हणजे शाफ्टच्या मापाला ठरवून दिलेली हद्द, २५.००२ ते २५.०१५. सगळी खिडकी मिळून १३ मायक्रॉनची, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि हातातलं हत्यार ±३० मायक्रॉनचं. इथे मायक्रोमीटर हे स्क्रूवर चालणारं जास्त बारीक हत्यारच लागतं. व्हर्नियरने सीट काढली की बेअरिंग एक तर हातानेच आत जातं आणि आठवड्याभरात शाफ्टवर फिरू लागतं, नाही तर हातोडीने ठोकावं लागतं आणि त्यातल्या गोळ्यांचे ठसे रेसवर, म्हणजे गोळ्या धावतात त्या कड्यावर, उमटतात. दोन्ही वेळा शिवी बेअरिंगच्या कंपनीला.

उष्णतेचं काय? स्टीलची वस्तू आणि स्टीलचा व्हर्नियर एकाच तापमानाला असतील तर दोघे मिळून फुगतात आणि ३२ अंशांतही फारसं बिघडत नाही. अडचण ॲल्युमिनियमची. लेथवरून नुकताच उतरलेला १०० मिलिमीटरचा तुकडा ६० अंशांवर आणि व्हर्नियर ३० वर असेल तर तुकडा जवळजवळ सात शतांश फुगलेला असतो. तो गरम असताना बरोबर मापाला कापलात की थंड झाल्यावर ढिला. तुकडा आणि हत्यार एकाच लोखंडी टेबलावर अर्धा तास शेजारी ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. आणि फिरता जॉब मोजू नये हे वेगळं सांगायला नको. जबडे तर झिजतातच, बोटंही जातात.

गॅरेजात आणि जेटीवर

पर्यटकांना भाड्याने देतात त्या स्कूटर-बाइक गोव्यात जितक्या चालतात तितकाच त्यांचा ब्रेक डिस्क झिजतो. प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ‘मिन टीएच’ आणि पुढे आकडा. समजा तो ३.५ आहे. मेकॅनिक व्हर्नियर आडवा लावतो, ३.९ वाचतो आणि डिस्क चांगली आहे म्हणतो. तो खोटं बोलत नाही, त्याचा व्हर्नियर मात्र चुकीच्या जागी टेकलाय. पॅड डिस्कच्या काठापर्यंत घासत नाहीत, म्हणून बाहेरच्या कडेला न झिजलेली एक किनार उभी राहते आणि जबडे तिच्यावरच बसतात. उपाय सोपा. ५ मिलिमीटरच्या दोन ड्रिलचे गुळगुळीत दांडे डिस्कच्या दोन्ही बाजूंना, किनारीच्या आतल्या झिजलेल्या पट्ट्यावर धरा, त्यांच्यावरून जबडे लावा आणि दांड्यांची जाडी वजा करा. १३.४२ आलं तर डिस्क ३.४२ ची, म्हणजे बदलायची. दांड्यांची जाडी आधी मोजून घ्या, ती बरोबर ५.०० असतेच असं नाही. डिस्कवर चारसहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत लहान आकडा धरा.

जुन्या बोटींवर दुसरा घोळ असतो, इंची आणि मेट्रिक बोल्ट एकाच इंजिनावर. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. एम८ चा, म्हणजे ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट प्रत्यक्षात ७.७६ ते ७.९७ च्या दरम्यान कुठेही असतो. म्हणजे बाहेरच्या व्यासावरून ओळखणं अशक्य, आणि नेमकं इथेच नट चुकीचा चढवून आटे बसवले जातात. आट्यांचं अंतर मोजा. जबड्याच्या पातळ टोकांनी एका आट्याच्या माथ्यापासून पुढचा दहावा माथा गाठा. १२.५ आलं तर एम८, १४.१ आलं तर ५/१६ चा, इंचाला १८ आट्यांचा. दहा मोजायचं कारण एवढंच की एकाच आट्यात फरक ०.१६ चा असतो, दहांत तो दीड मिलिमीटरवर जातो आणि गंजलेल्या आट्यावरही लपत नाही.

डिजिटल

मितुतोयोचा ५००-१९६-३० हा १५० मिलिमीटरचा डिजिटल जगभर वापरला जातो, तो का ते हातात घेतल्यावर कळतं. सरकणं एकसारखं, ०.०१ चं वाचन, ±०.०२ ची हमी. वाचन आणि हमी हे दोन वेगळे आकडे आहेत, हे विकणारा सांगत नाही. पडद्यावर शेवटचा आकडा शतांशाचा दिसतो, त्याची खात्री दोन शतांशांची. याची पट्टी ‘ॲब्सोल्युट’ आहे, म्हणजे बंद करून चालू केला तरी आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक असतं, आणि स्लायडर झटक्यात ओढला तरी मोजणी चुकत नाही.

एवढी स्तुती करूनही गोव्यातल्या लेथवर तो घेऊ नका असं आमचं मत आहे, कारण हा मॉडेल बंदिस्त नाही. डिजिटल कॅलिपर पट्टीवरच्या नक्षीवरून विजेच्या संकेतांनी मोजतो. पट्टी आणि स्लायडरमधल्या फटीत कूलंट, घाम किंवा मीठ गेलं की आकडे नाचू शकतात. लेथवर किंवा जेटीवर काम असेल तर त्याच घरातला ५००-७०० च्या क्रमांकांतला आयपी६७ वाला घ्या. महाग आहे, पण ओल्या हाताने वापरता येतो.

राहिला प्रश्न तीनशे-चारशे रुपयांना मिळणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या डिजिटलचा. ०.१ पर्यंत वाचणारा असेल आणि पाइपची जाडी, फर्निचरचे स्क्रू, थ्रीडी प्रिंटरचे तुकडे एवढंच मोजायचं असेल तर पैसे वसूल. त्याचे जबडे अंगठ्याच्या दाबाने वाकतात, त्यामुळे त्याच वस्तूचं माप दोघांना वेगवेगळं येतं. धातूचा स्वस्त डिजिटल जास्त धोकादायक, कारण तो पडद्यावर ०.०१ दाखवून विश्वास मिळवतो. स्वस्त मॉडेल बंद केल्यावरही आतून मोजत राहतात आणि बॅटरी खातात. बॅटरी बदलताना एलआर४४ ऐवजी एसआर४४ घ्या. आकार तोच, पण आत सिल्व्हर ऑक्साइड असल्यामुळे तिचा दाब शेवटपर्यंत टिकतो. एलआर४४ चा दाब हळूहळू उतरतो आणि अर्धी बॅटरी शिल्लक असतानाच पडदा लुकलुकतो. पावसाळ्यात महिनाभर वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा. फुटलेल्या बॅटरीने हिरवे झालेले संपर्क खरवडून काढता येतात, पण दुसऱ्यांदा तेच झालं की फेकून द्यावा लागतो.

डायल

वाचायला डायलइतकं सोपं काही नाही, आणि बॅटरीही नको. पण त्याच्या पोटात दात्यांची पट्टी आणि इवलंसं दातेरी चाक असतं, आणि ती पट्टी उघडी असते. काटा एका फेऱ्यात मॉडेलनुसार १ किंवा २ मिलिमीटर दाखवतो. लोखंडाचा एक बारीक कीस दात्यात अडकला की चाक एक दात उडी मारतं आणि काटा मिटलेल्या जबड्यांवरही शून्याच्या भलत्याच बाजूला उभा राहतो. ब्रशने पट्टी झाडून, जबडे मिटून डायल फिरवून शून्यावर आणता येतो, पण दात घासला गेला असेल तर त्याच जागी पुन्हा उडी मारणार. खाणपट्ट्यात, सांगे-साखळीकडे, जिथे लाल धूळ सगळ्यावर बसते, तिथे डायल घेऊ नका. जमेची बाजू एवढीच की आपटला तर लगेच कळतं.

स्प्रिंग कॅलिपर

हा पट्टीशिवायचा. वाकड्या पायांचा बाहेरचं माप घेतो, सरळ पायांचा आतलं, आणि एक पाय वाकडा एक टोकदार असला की तो जेनी, कडेपासून समांतर रेघ मारायला. इंग्रजीतलं नाव कॅलिबर या शब्दाच्या घराण्यातलं आहे. तोफखान्यात अशाच वाकड्या पायांनी गोळ्याचा व्यास घेत, आणि त्या पायांवर गोळ्यांच्या वजनाची कोष्टकं कोरलेली असत.

डिचोलीकडे पितळी समया ओततात-तासतात, तिथे याचं काम नीट दिसतं. समईचा खांब एकावर एक आट्यांनी बसवलेल्या तुकड्यांचा असतो आणि नव्या तुकड्याची गळपट्टी जुन्याशी जुळायला हवी. मध्ये खोबण, वर-खाली कंगोरे. व्हर्नियरचे सरळ जबडे कंगोऱ्यांवरच अडतात, वाकडे पाय त्यांना वळसा घालून खोबणीत पोचतात. पण काढताना पाय कंगोऱ्यात अडकतात, म्हणून घाईत ओढून काढू नका. नटाच्या फेऱ्या मोजून उघडा, बाहेर काढा, तेवढ्याच फेऱ्या परत मिटवा आणि मग व्हर्नियरवर वाचा. स्पर्श पिसासारखा हलका हवा. आपल्याच वजनाने पाय जॉबवरून उतरला तर माप बरोबर, दाबून उतरवावा लागला तर कमी. चांगल्या हाताला यात पाच शतांशांपर्यंत पोचता येतं, वाईट हाताला पाव मिलिमीटरही जमत नाही. लाकडाच्या कामात, जिथे अजून सुतांत बोलतात आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तिथे एवढं पुरतं.

दुकानात उभ्यानेच

मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ही तपासणी दोन मिनिटांत होते. जबडे पुसा, मिटा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. दोन जबड्यांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. टोकाला दिसते आणि मुळाशी नाही, तर जबडा वाकलाय. काही मायक्रॉनची फटही डोळ्याला दिसते, म्हणून ही चाचणी दिसते त्यापेक्षा बरीच कडक आहे. मग जबडे मिटवून-उघडून पाचदा शून्य पाहा, दरवेळी तेच यायला हवं. लॉकचा स्क्रू आवळताना आकडा हलला तर हत्यार परत द्या.

स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, जवळ नसतील तर शेजारच्या बेअरिंगच्या दुकानातून ६२०४ नंबरचं नवं, नामांकित कंपनीचं, सीलबंद बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास ४७ आणि आतला २०, दोन्ही साधारण एका शतांशाच्या आत बरोबर असतात, आणि चूक असलीच तर कमीच्या बाजूला. बाहेरचे जबडे आणि आतल्या चोची, दोन्ही एका तुकड्यावर तपासून होतात. रुंदी १४ लिहिलेली असते पण तिच्यावर भरवसा ठेवू नका, तिला ०.१२ पर्यंत कमी असण्याची मुभा आहे. नकली बेअरिंग बाजारात भरपूर आहेत, म्हणून खोकं पाहून घ्या. ही चाचणी प्रमाणपत्र देत नाही. ग्राहकाला रिपोर्ट द्यायचा असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्यावंच लागतं, तिथे ते स्लिप गेजवर आणि जबड्यांच्या टोकाशी-मुळाशी दोन्हीकडे तपासतात.

पावसाळ्यात

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, हा गैरसमज गोव्यात एका पावसात उतरतो. कॅलिपरचं स्टेनलेस कडक करता येईल अशा जातीचं असतं, ते भांड्यांच्या स्टीलइतकं गंजाला दाद न देणारं नाही. मिठाने त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडतात. ते मुख्य पट्टीवर पडले तर दिसायला वाईट, जबड्याच्या तोंडावर पडले तर माप बिघडवतात. दिवसाच्या शेवटी सुक्या सुती फडक्याने पुसा, बारीक मशिन ऑइलचा हात फिरवा आणि पुन्हा पुसा. खोबरेल वापरू नका, ते घट्ट होऊन स्लायडर चिकटतो आणि त्यावर धूळ बसते. डिजिटलच्या पट्टीला तेल नको, कोरडं फडकं पुरे.

हत्यार ज्या डब्यात आलं त्यातला स्पंज पहिल्याच वर्षी काढून टाका. तो ओल धरतो, आणि दोन-तीन पावसांनंतर विरघळून गुळासारखा चिकट होतो आणि पट्टीच्या रेघांत बसतो. त्याऐवजी गंजरोधक कागदात गुंडाळून, सिलिकाची पुडी टाकून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुडी अधूनमधून तापवून सुकवा. ठेवताना जबडे पूर्ण मिटवू नका, मिलिमीटरभर उघडे ठेवा आणि लॉकचा स्क्रू सैल. मॅग्नेटिक चकच्या किंवा डायल स्टँडच्या बुडाशेजारी ठेवू नका, जबड्यांत चुंबकत्व आलं की ते कीस उचलत राहतात. जबड्याच्या कडेला बारीक खरबरीत उठाव आला तर गुळगुळीत तेलाच्या दगडावर अगदी हलका एखादा हात, कानस नाही.

आणि कारखान्यात हत्यारं बदलू नयेत म्हणून भांड्यांवर घालतात तसं विजेच्या पेनाने नाव घालायची पद्धत आहे. साध्या व्हर्नियरवर खुशाल घाला, पट्टीच्या मागे, रेघांपासून लांब. डिजिटलवर घालू नका. पेनाच्या विजेने आतलं सर्किट जळतं, आणि नाव घातलेलं हत्यार वॉरंटीत कोणी परत घेत नाही. रंगाचा ठिपका लावा.